करणाऱ्या माणसाची तब्येत

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की भेटायला येणारे दोन प्रश्न विचारतात. पहिला, "आता कसं आहे?" आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, "त्यांचं सगळं करतं कोण?" दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक घरांत एकाच नावाचं उत्तर मिळतं. सून, मुलगी किंवा बायको, क्वचित मुलगा किंवा नवरा. "पुण्याचं काम आहे हो" असं म्हणून पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात आणि विषय तिथंच थांबतो. ती करणारी बाई सलग चार तास शेवटचं कधी झोपली, तिचा रक्तदाब किती आहे, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. डॉक्टरांच्याही येत नाही, कारण केसपेपर तिच्या नावाचा नसतो.

पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, म्हातारपणी मोडलेलं खुब्याचं हाड. ही दुखणी पंधरा दिवसांत आटोपत नाहीत, वर्षानुवर्षं चालतात. 'ताणाचे दुष्परिणाम' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऑफिसमधला माणूस येतो. पण ताण शरीराला नेमकं काय करतो हे ज्यांच्याकडे पाहून सर्वांत स्पष्ट कळलं, त्यांत घरी आजाऱ्याचं करणारी माणसं बरीच वरच्या क्रमांकावर आहेत.

अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात १९९५ साली झालेला एक प्रयोग पाहा. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला घरी सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सांभाळणाऱ्या बायकांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. कारण शरीरशास्त्राचं आहे. जखम भरण्याच्या सुरुवातीला तिथं थोडी सूज, थोडी लाली यावीच लागते. त्यासाठी पांढऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येणारं, ताणात वाढणारं संप्रेरक कॉर्टिसॉल हे निरोप दाबून टाकतं. एका दिवसाच्या धावपळीत हे चालून जातं. पण कॉर्टिसॉलचं घड्याळ रोजचं आहे: पहाटे ते वाढत जातं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या माणसाचं हे घड्याळच विस्कटतं. मग यकृत रक्तात साखर सोडत राहतं, रक्तदाब रात्री जितका खाली यायला हवा तितका येत नाही, सर्दी-खोकला लवकर धरतो आणि लवकर सोडत नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग विद्यापीठाचा, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला. वयस्कर जोडप्यांचा चार वर्षं मागोवा घेतला. जोडीदाराचं करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवतो असं सांगणाऱ्या माणसांत मृत्यूचं प्रमाण, असं काही करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघालं. आजारी जोडीदाराचं करत होते पण ताण वाटत नाही म्हणाले, त्यांच्यात मात्र तशी वाढ दिसली नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. माणूस सेवेनं झिजत नाही. सेवा ज्या पद्धतीनं त्याच्या अंगावर पडते, त्या पद्धतीनं झिजतो. पद्धत बदलता येते, आणि बदल रात्रीपासून सुरू करावा लागतो.

आपल्या झोपेतला सर्वांत गाढ भाग रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात येतो. म्हणून घरात दोन माणसं असतील तर "एक दिवस तू, एक दिवस मी" यापेक्षा रात्र मधोमध कापणं बरं. मुख्य करणाऱ्या व्यक्तीनं साडेनऊ-दहाला दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं आणि दोन वाजेपर्यंत कुणी उठवायचं नाही. त्याच खोलीत झोपलं तर अंग पडलं तरी कान जागा राहतो, ती झोप लागत नाही. दोननंतर पाळी बदलायची. घरात एकच माणूस असेल तर आठवड्यातल्या निदान दोन रात्रींसाठी कुणीतरी बाहेरून यायलाच हवं. तिथं काटकसर केली की ती पुढे दवाखान्याच्या बिलात निघते.

रात्रीची उठण्याची कारणंही कमी करता येतात. लघवी जास्त करवणाऱ्या गोळीची वेळ सकाळी किंवा दुपारच्या आधी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. ती रात्री जेवणानंतर दिली जात असेल तर सगळी रात्र त्यातच जाते. पाण्याचा मोठा वाटा संध्याकाळी सातच्या आत संपवा, दिवसाचं एकूण पाणी मात्र कमी करू नका. डायपर रात्रीसाठी जास्त शोषणारा घ्या आणि मापाचा घ्या. सैल डायपर मांडीपाशी गळतो आणि चादरीसकट सगळं बदलावं लागतं.

कूस बदलणं हा रात्रीचा दुसरा मोठा भाग. शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा, टाळायला साधारण दर दोन तासांनी कूस बदला असं सांगतात, आणि साध्या गादीवर ते पाळायलाच हवं. एअर बेड (पंपानं हवेचे कप्पे फुगणारी-उतरणारी गादी) चांगला चालत असेल आणि त्वचा ठीक असेल तर रात्रीचं अंतर तीन-चार तासांपर्यंत वाढवता येईल का, ते डॉक्टरांना किंवा घरी येणाऱ्या नर्सला त्वचा दाखवून विचारा. त्वचा रोज सकाळी अंघोळ घालताना पाहायची: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती. लाल दिसलं तर बोटानं दाबा. बोट काढल्यावर क्षणभर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर कूस बदलून भागतं. दाबूनही लाली तशीच राहिली तर ती व्रणाची पहिली पायरी. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, तिथं हात फिरवून पाहा. आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागतं.

एअर बेड घेऊनही व्रण झाला, अशी तक्रार बऱ्याच घरांत असते. बहुतेक वेळा त्यावर रबरी शीट, तिच्यावर गोधडी, तिच्यावर चादर असे थर असतात आणि हवेच्या कप्प्यांचा चढउतार अंगापर्यंत पोचतच नाही. वर एकच सुती चादर, तीही न ताणता घालायची. पंपाची खुंटी रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायची. आजारी माणूस झोपलेला असताना त्याच्या बसक्याखाली, एअर बेडच्या खालून हात सरकवून पाहा. शरीर थेट हाताला लागलं तर हवा कमी आहे. नळी पलंगाच्या कडेला दुमडलेली नाही ना तेही बघा. एका कुशीवर वळवताना पूर्ण काटकोनात आडवं करू नका, खुब्यावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा, गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. भोक असलेली गोल रिंग माकडहाडाखाली ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. रिंगच्या कडेला दाब वाढतो आणि मधला रक्तपुरवठा उलट कमी होतो.

आता करणाऱ्याची कंबर. आपल्या घरांतले दिवाण गुडघ्याएवढे असतात, त्यामुळे प्रत्येक काम वाकून. दिवसातून आठ-दहा वेळा साठ किलोचं शरीर वाकून ओढलं की महिन्याभरात कंबर धरते, आणि मग रिकाम्या पोटी चहासोबत वेदनाशामक गोळी सुरू होते. त्या गोळ्यांनी आम्लपित्त तर होतंच, रक्तदाबही वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. उंची कमी-जास्त होणारा दवाखान्याचा पलंग भाड्यानं मिळतो, तो करणाऱ्याच्या कमरेच्या उंचीला लावावा. तो परवडत नसेल तर दिवाणाच्या पायांखाली सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्या, नुसत्या विटा सरकतात.

वर सरकवायला जुन्या सुती नऊवारीची चौपदरी घडी उत्तम. ती खांद्यापासून मांड्यांपर्यंत पाठीखाली कायम अंथरलेली ठेवायची. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून काठ अंगाजवळ गुंडाळून धरायचे, गुडघे किंचित वाकवायचे, एक-दोन-तीन म्हणून एकदम सरकवायचं. एकट्यानं उचलायचं नाहीच. एकट्यानं फक्त वळवायचं: आपल्यापासून लांबचा गुडघा दुमडायचा, एक हात त्या बाजूच्या खांद्यावर, एक खुब्यावर, आणि आपल्याकडे कलतं करायचं. काखेत हात घालून ओढणं तर पूर्ण बंद. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा त्यानं निखळतो, आणि मग दुखण्यानं विव्हळणारं माणूस रात्रभर झोपू देत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या घरात सगळ्यात अवघड वेळ तिन्हीसांजेची. दिवसभर शांत असलेले आजोबा पाच-सहा वाजता "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी उभे राहतात, समजूत घालायला गेलं तर अंगावर येतात. "हेच आपलं घर आहे" हे दहा वेळा सांगून उपयोग होत नाही, दोघांचाही पारा चढतो. अंधार पडायच्या आधी, साडेपाचलाच, खोलीतले सगळे दिवे लावा. सावल्या आणि धूसर उजेड गोंधळ वाढवतात. दुपारची झोप तासाभराच्या आत आटोपा, चारनंतर चहा देऊ नका. टीव्हीवरच्या भांडणाच्या मालिका त्या वेळेला बंद. तरीही अस्वस्थता अचानक वाढली तर आधी शरीर तपासा: पोट साफ आहे का, लघवी तुंबली आहे का, ताप आहे का, दात किंवा सांधा दुखतोय का. सांगता न येणारं दुखणं बऱ्याचदा चिडचिडीतून बाहेर येतं, आणि एक-दोन दिवसांत एकदम वाढलेला गोंधळ लघवीच्या जंतुसंसर्गाचाही असू शकतो. "घरी जायचंय" याला उत्तर म्हणून चपला घालून गल्लीत दहा मिनिटं फेरी मारून परत आणणं वादापेक्षा कितीतरी सोपं पडतं.

गोव्यात याच धर्तीवर झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या दोन तालुक्यांतल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची ८१ कुटुंबं घेऊन एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने घरभेटी झाल्या, पंधरवड्यातून निदान एकदा. भेटीला जाणारे डॉक्टर नव्हते. कोकणी लिहिता-वाचता येणारी, बारावीपर्यंत शिकलेली, आठवडाभर प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं होती, गरजेप्रमाणे मागे मनोविकारतज्ज्ञ उभे. त्यांनी काय केलं? आजार समजावला, रोजच्या कामांत काय बदलता येईल ते सांगितलं, रुग्णाचं विचित्र वागणं कसं हाताळायचं ते दाखवलं आणि बाकीच्या नातेवाइकांना हात लावायला तयार केलं. करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य त्यामुळे सुधारलं, मनस्ताप कमी झाला. रुग्णाच्या लक्षणांत मात्र ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे आजार तिथंच होता, तरी करणाऱ्याचा जीव हलका झाला. आपल्याकडे आशाताई गावोगाव पोचतात, त्यांच्या कामात अशा भेटी नीट मानधनासकट बसवता येणार नाहीत का, हा प्रश्न विचारत राहण्यासारखा आहे. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचं कवच मिळालं ही चांगली गोष्ट झाली, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. डिस्चार्जनंतरची पाच वर्षं घराच्याच डोक्यावर राहतात.

आणि 'घराच्या' म्हणजे कुणाच्या? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्या कुणाची ना कुणाची, लहान मुलं धरून, बिनपगारी काळजी घेणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं घालवत होत्या, असे पुरुष ७६ मिनिटं. त्यातही अशा कामात हात असणाऱ्या पुरुषांचं प्रमाण बायकांच्या जवळपास निम्मंच. नोकरी सोडायची वेळ आली की सुनेची सुटते. मग घरातली एक मिळकत जाते, खर्च वाढतो, धाकट्या जावेशी बोलणं बंद होतं, नणंद "आईकडे बघत नाहीत" म्हणते. भावाभावांची फाटाफूट वाटणीवरून झाली असं गाव म्हणतं. तिची सुरुवात पुष्कळदा "केलं कुणी" यावरून झालेली असते.

त्यासाठी एक साधी गोष्ट करा. दोन आठवडे एका वहीत सगळी कामं वेळेसकट लिहा: तोंड धुणं, गोळ्या, डायपर, भरवणं, कपडे, डॉक्टरांचा फोन, औषधं आणणं, रात्रीचं उठणं. पंधराव्या दिवशी ती वही सगळ्या भावंडांसमोर ठेवा. "सगळे मिळून बघू" या वाक्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण त्यात काम कुणाच्याच नावावर पडत नाही. वहीतल्या ओळीपुढे नाव लिहा. गुरुवारची रात्र अमक्याची, रविवार सकाळी दहा ते दोन तमक्याची. वेळ देऊ शकत नाही त्यानं पैसे द्यायचे, आणि ते दर महिन्याला मागायला न लावता ठरल्या तारखेला खात्यात जमा करायचे. परदेशातल्या मुलांनीही सूचना देण्यापेक्षा कामं उचलावीत. औषधांची ऑनलाइन ऑर्डर, विम्याचे कागद, डॉक्टरांची वेळ घेणं, बिलं भरणं हे न्यू जर्सीत बसून होतं. कॅलिफोर्नियातल्या मुलाचा दिवस म्हणजे इथली रात्र. खोलीत कॅमेरा लावला तर आठवड्यातून दोन रात्री तो पहारा देऊ शकतो, काही हललं तरच इथं फोन. इथली बहीण तेवढ्या वेळ कान मिटून झोपेल.

आजाऱ्याचं करणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून मावशी किंवा मामा ठेवले तर कामाची यादी पहिल्याच दिवशी कागदावर लिहा आणि दोघांनी वाचा. स्वयंपाक, घरातल्या इतरांचे कपडे त्यात नंतर घुसवायचे नाहीत. चोवीस तासांच्या मावशींना रात्री झोप आणि आठवड्याची सुट्टी लागते, त्याही माणूस आहेत. त्यांना झोपू दिलं नाही तर तोच ताण एका बाईकडून दुसरीच्या अंगावर जातो, तोही गरिबाच्या. त्यांना बसायला खुर्ची, वेगळं अंथरूण आणि आपल्यासारखंच जेवण द्या.

करणाऱ्यानं स्वतःचा रक्तदाब घरी मोजावा. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, मांडी न घालता. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर आकडा खोटा चढा येतो. आणि आजाऱ्याच्या गोळ्यांचा डबा भरताना शेजारी स्वतःचाही डबा भरा. थायरॉइडची, साखरेची स्वतःची गोळी विसरणं या घरांत फार होतं.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलायला हवी. थकलेलं माणूस हात उगारतं. घास घाईनं कोंबला जातो, दंड जोरात ओढला जातो, "मरत का नाही" असं तोंडातून निघतं आणि नंतर ती बाई स्वयंपाकघरात रडत बसते. हे होऊ लागलं म्हणजे ती वाईट आहे असं समजू नका. तिची सहनशक्ती संपल्याची ही खूण आहे. त्या क्षणी रुग्णाला कुशीवर सुरक्षित ठेवायचं, पलंगाचा कठडा वर करायचा आणि दहा मिनिटं खोलीबाहेर यायचं. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं केलं तर धडधड उतरते. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, रात्रीही. ज्येष्ठांसाठीच्या मदतीची चौकशी १४५६७ वर होते. झोप असूनही झोपता न येणं, सतत रडू येणं, जगण्यात अर्थ वाटेनासा होणं हे दोन आठवडे राहिलं तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. स्वतःला संपवावंसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, लगेच.

भेटायला जाणाऱ्यांनी फळं कमी न्यावीत. फोन करून विचारावं, "शनिवारी चार ते सहा मी बसते, तू बाहेर जाऊन ये." आणि त्या दोन तासांत ती बाजारात गेली, देवळात गेली की नुसती बाकावर बसून राहिली, हे विचारू नये.

आजारी माणूस गेल्यावर सगळ्यांना वाटतं, सुटली. प्रत्यक्षात कित्येक महिने तिला रात्री दोनला जाग येत राहते, हात आपोआप शेजारच्या पलंगाकडे जातो. इतके दिवस मागे टाकलेलं दुखणं याच काळात वर येतं. तेराव्यानंतर महिन्याभरात तिला दवाखान्यात न्या: रक्तदाब, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, डोळे, दात, आणि बायकांच्या ज्या तपासण्या "नंतर बघू" म्हणून राहिल्या त्या सगळ्या. केसपेपर तिच्या नावाचा काढा आणि "घरी काय काम करता?" असं विचारलं तर "काही नाही, घरीच असते" असं तिला म्हणू देऊ नका.